लहान मुलांकरिता घरचे नाचणी-सत्त्व : करण्याची व साठविण्याची रीत

शेतकऱ्याच्या गोठ्यात नवे वासरू जन्मास आले म्हणजे त्यास किती दिवस पोटभर दूध सोडावयाचे, कोवळा चारा केव्हा दाखवावयाचा व आंबोण कधी सुरू करावयाचे, याचा ठराव घरातील कर्ता पुरुष स्वतः करितो व त्यावर नजरही स्वतः ठेवितो. पण त्याच घरातील पाळण्यातले मूल सहा महिन्यांचे झाले म्हणजे त्यास काय द्यावयाचे, किती द्यावयाचे व किती वेळा द्यावयाचे, हा प्रश्न बायकांचा असे मानून तो ओसरीवर स्वस्थ बसतो; किंवा बोललाच तर आपला अधिकार गाजविण्यापुरते बोलतो. आम्ही या दुसऱ्या वर्गातले होतो. त्याचे फळ आमच्या नातवास भोगावे लागले. सबब आमच्या शेतकरी बंधूंपुढे ही हकीकत व तीतून शिकलेली रीत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. गावोगावच्या पिकांची पैसेवारी, आकारणी, वसूल व बाकी यांचे तक्ते लिहिण्यात आमची उमेद गेली. घरची जमीन कोकणपट्टीत असून तीत भाताची थोडी व वरकस अधिक आहे. वरकसावर नाचणी होते. या नाचणीविषयी आमच्या घरचा जुना नियम असा की, टपोरा व नवा दाणा बाजारात पाठवावयाचा आणि हलका, मागील सालचा, कणगीच्या तळचा माल घरखर्चास ठेवावयाचा. हा नियम आमच्याच घरी होता असे नव्हे. पुष्कळांच्या घरी तो आजही चालू आहे.

आमचा नातू सहा महिन्यांचा झाला त्या वेळी अंगणवाडीच्या काट्यावर त्याचे वजन ७ किलो भरले. आईचे दूध चालू होते व त्याच्या जोडीला घरच्या नाचणीचे सत्त्व सुरू केले. सूनबाईंचे म्हणणे असे की, सत्त्वाबरोबर मऊ भात-वरण कुसकरून व वर तूप घालून द्यावे. त्यांच्या म्हणण्यास आम्ही मोडता घातला. आमच्या घरात वर्षापर्यंत मुलास सत्त्वाखेरीज काही देत नाहीत, आणि तेही पातळ देतात, दाट पेज मुलास बाधते, असे आम्ही मोठ्या माणसाच्या तोऱ्यात सांगितले. सून गप्प बसली. बाटलीच्या बुचातून उतरेल इतकी पातळ पेज मुलास दिवसातून तीन वेळा मिळू लागली. नवव्या महिन्यात मूल पुन्हा काट्यावर ठेविले, तेव्हा वजन भरले ७ किलो २०० ग्रॅम. तीन महिन्यांत अवघी २०० ग्रॅमची भर!

आम्ही सेविकाबाईंस म्हटले, “मूल दिवसातून तीन वेळा पेज पिते, मग असे का व्हावे?” त्या म्हणाल्या, “काका, पेज तीन वेळा पोटात जाते हे खरे. पण तीत पीठ किती जाते ते सांगा.” आम्हांस सांगता आले नाही. साऱ्या तालुक्याच्या पिकाचे आकडे लिहिणाऱ्यास आपल्या घरच्या मुलाच्या पोटात काय पडते याचा आकडा ठाऊक नसावा, याची आम्हांस त्या दिवशी लाज वाटली.

हिशेब :— घरी येऊन आम्ही चमचा व काटा घेऊन बसलो. आईचे दूध चालू असलेल्या मुलास त्याशिवाय वरच्या अन्नातून रोज किती उष्मांक मिळावेत याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आहे. तो असा : ६ ते ८ महिने, सुमारे २००, ९ ते ११ महिने, सुमारे ३००, १२ ते २३ महिने, सुमारे ५५०. कोरड्या धान्याच्या १०० ग्रॅम पिठात ढोबळ मानाने ३२० ते ३५० उष्मांक असतात. आमच्या घरी एका वेळच्या पेजेत लहान चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सत्त्व पडत असे. तीन वेळचे मिळून १५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५० उष्मांक. खात्याच्या भाषेत सांगावयाचे तर आकारणी ३००, वसूल ५०, बाकी २५०. आणि ही बाकी रोजची! सरकारी साऱ्याची बाकी पुढील साली भरता येते, वाईट सालात तहकुबी मिळते, प्रसंगी सूटही मिळते. मुलाच्या पहिल्या दोन वर्षांच्या वाढीची बाकी मात्र लांबली तर पुढे पुरतेपणी वसूल होणे कठीण. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने उंचीत खुरटलेली आढळली. ही सारी मुले अन्नान्नदशेच्या घरची नसतात. कणगी भरलेल्या घरांतही ती असतात, याचा दाखला आमचेच घर आहे.

पातळ पेजेचे कारण :— येथे कोणी विचारील की, मग पेजेत पीठ अधिक का घालू नये? अडचण अशी की, साधे पीठ पाण्यात शिजविले म्हणजे त्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते व पेज खळीसारखी घट्ट होते. सहा-सात महिन्यांच्या मुलास ती गिळता येत नाही. म्हणून आई पाणी वाढविते. पेज गिळण्याजोगी होते, पण मुलाचे चिमुकले पोट पाण्यानेच भरते. घट्ट करावी तर गिळवत नाही, पातळ करावी तर पुरत नाही, असा हा पेच आहे.

या पेचातून सुटण्याची युक्ती मोड आणण्यात आहे. दाण्यास मोड येऊ लागला म्हणजे कोंबाच्या पोषणाकरिता दाण्यात एक पाचक द्रव्य उत्पन्न होते. त्यास शास्त्रात अमायलेज म्हणतात. ते पिष्टाचे तुकडे करिते. अशा दाण्याच्या पिठाची पेज करितांना ती ऊन होत असता हे द्रव्य आपले काम करिते व पेज सैल राहते. परिणामी तितक्याच पाण्यात साध्या पिठाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक पीठ घालता येते आणि तरी मूल ती सुखाने गिळते. शिवाय भिजविल्याने व मोड आणल्याने धान्यातील फायटेट कमी होते. हे द्रव्य लोह व जस्त यांस धरून ठेविते व अंगी लागू देत नाही.

ही युक्ती नवी नव्हे. ज्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव खतांच्या संबंधात आपण ऐकतो, त्यानेच १८६५ च्या सुमारास गव्हाचे पीठ, मोड आणलेल्या धान्याचे पीठ व गाईचे दूध यांचे मुलांचे अन्न तयार केले होते. पुढे डब्यांतून विकल्या जाणाऱ्या माल्टच्या पुष्कळ पिठांचे मूळ याच विद्येत आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी, घट्ट पेजेत मोड आणलेल्या धान्याचे पीठ चमचाभर घातल्यास ती कशी सैल होते, याचे प्रयोग केले. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेतही नाचणीच्या माल्टवर काम झाले. आपल्या आजी-पणजी फडक्यात नाचणी बांधून मोड आणीत, त्यामागील मर्म हेच होते. आपण रीत ठेविली व मर्म विसरलो.

कोणते सत्त्व घ्यावे :— आपल्याकडे सत्त्व दोन तऱ्हेने करितात. एक तऱ्हा अशी की, नाचणी भिजवून वाटावी, फडक्यातून तिचे दूध पिळून काढावे, ते निवळू द्यावे व खालचा साका वाळवावा. हे सत्त्व पांढरे व देखणे दिसते. पण ते मुख्यतः पिष्टच होय. नाचणीची कीर्ति चुन्याविषयी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो व तांदळात दहाच्या आसपास. तथापि नाचणीतील चुन्याचा मोठा भाग दाण्याच्या वरच्या थरांत असतो, आणि तो फडक्यावर उरलेल्या चोथ्यात राहून गुरांच्या आंबोणात जातो. आमच्या घरी हेच चालले होते. दुसरी तऱ्हा म्हणजे मोड आणून, वाळवून, दळून चाळणे. हिच्यात रंग तांबूस राहतो. परंतु गुण अधिक राहतो. आमची शिफारस या दुसऱ्या तऱ्हेची आहे.

धान्याची निवड :— मुलाकरिता खळ्यावरील उत्तम दाणा पहिल्याने बाजूस काढावा. एका मुलास सहाव्या महिन्यापासून दीड वर्षाचा होईपर्यंत २५ ते ३० किलो नाचणी पुरून उरते. बाजारभावाने तिची जी किंमत होईल ती मुलाच्या नावे खर्ची लिहावी व मग हात आखडू नये. बियाण्यास औषध चोळलेले धान्य कितीही धुतले तरी यास चालत नाही. धान्यात ठेवावयाच्या विषारी गोळ्या, म्हणजे अल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरातील कणगीत कदापि ठेवू नयेत. दमट हवेत त्यांतून निघणारा वायू निजलेल्या माणसांचे प्राण घेतो, व तान्ह्या मुलास सर्वांआधी गाठतो. नाचणीस किडीचा उपद्रव मुळातच थोडा. चांगली वाळवून हवाबंद पिंपात किंवा जाड प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पिशवीत घट्ट बांधून ठेविल्यास औषधाचे कारण पडत नाही.

दाणा पुरता वाळला की नाही हे पाहण्याची सोपी परीक्षा अशी : कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग दाणे व चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून बूच लावावे, चांगले हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर दाण्यात पाणी सुमारे १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजून तो आणखी वाळवावा.

सत्त्व करण्याची रीत :— एक किलो नाचणी सुपाने पाखडावी, खडे निवडावे व रोवळीत घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत रोळावी. नंतर दुप्पट पाण्यात १२ तास भिजत घालावी. मध्ये एकदा पाणी बदलावे. पाणी निथळून, उकळून घेतलेल्या स्वच्छ सुती फडक्यात ती सैलसर बांधावी व अंधाऱ्या जागी टांगावी. फडके सुकू देऊ नये, तसेच त्यातून पाणी गळतही राहू नये. उन्हाळ्यात एका दिवसात व थंडीत दोन दिवसांत अर्ध्या बोटापेक्षा आखूड असे मोड येतात, तेवढेच पुरे. मोड लांब वाढू दिल्यास दाण्यातील कस कोंबात जातो.

गाठोडे सोडताच प्रथम वास घ्यावा. आंबूस, कुबट वास आला, किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले, तर सारे गाठोडे टाकून द्यावे. तेवढ्यातले चांगले निवडून घेण्याचा लोभ करू नये. चांगले असल्यास स्वच्छ कापडावर एका दाण्याच्या जाडीने पसरून, वर पातळ मलमल घालून, एक दिवस वाऱ्याला व दोन दिवस उन्हात वाळवावे. सायंकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्यावे. दाणा दाताखाली कडक वाजला म्हणजे वाळला. मग तळहाताने चोळून मोड व मुळे झाडावीत व पाखडावीत.

याचे दोन भाग करावेत. चार हिस्से मंद आंचेवर खमंग वास सुटेपर्यंत परतावे. करपू देऊ नये. पाचवा हिस्सा न भाजता तसाच ठेवावा. फार भाजल्याने वर सांगितलेले पाचक द्रव्य मरते, म्हणून हा राखीव हिस्सा कामास येतो. दोन्ही निरनिराळे दळून वस्त्रगाळ न करिता बारीक चाळणीने चाळावे. वस्त्रगाळ केल्यास टरफलाबरोबर चुनाही जातो; न चाळल्यास टरफलाचा तुरटपणा लोह अंगी लागू देत नाही. मध्यम चाळणे हेच योग्य.

नुसत्या नाचणीने काम भागत नाही. लीबिगचा सिद्धांत शेतकऱ्यांस ठाऊकच आहे : जे अन्नद्रव्य जमिनीत सर्वांत कमी, त्याच्या मानाने पीक येते, इतर खते कितीही घाला. मुलाचेही तसेच आहे. नाचणीत लायसिन हे प्रथिनाचे अंग कमी असते व डाळीत ते विपुल असते. म्हणून भाजलेल्या नाचणीच्या तीन वाट्यांस एक वाटी मूग घ्यावा. मुगासही वरीलप्रमाणे मोड आणून, वाळवून, भाजून, साल काढून दळावे. अथवा नुसती मुगाची डाळ तांबूस भाजून दळावी. तांदूळ व मूग भाजून केलेले आपले जुने खिमट याच न्यायाने उत्तम होय.

ज्वारीविषयी सावधगिरी :— देशावरील वाचकांच्या मनात येईल की, नाचणीऐवजी ज्वारीस मोड आणावे. तसे करू नये. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे आपण पाहतो; ज्या द्रव्यापासून ते विष निपजते ते ज्वारीच्या कोंबांतही असते. ज्वारी भाजून दळून वापरावी. तिला मोड आणण्याच्या भरीस पडू नये. मोडाकरिता नाचणी नसल्यास गहू घ्यावा.

साठवण :— या बाबतीत आमच्याकडून दुसरी चूक झाली होती. आम्ही पावसाळ्याच्या तोंडी तीन महिन्यांचे सत्त्व एकदम दळून एका डब्यात भरले होते. रोज डबा उघडे, ओला चमचा आत जाई, आणि श्रावणात तळाशी ढेकळे झाली. ती फोडून, चाळून, पुन्हा ऊन दाखवून आम्ही तेच वापरण्यास सांगितले. बुरशीचे विष चाळण्याने किंवा उन्हाने जात नाही, इतकेच नव्हे तर शिजविण्यानेही पुरते जात नाही, हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत अवकाळी पावसाने भिजून बुरशी चढलेला मका खाण्यात आल्याने शंभरांहून अधिक माणसे काविळीने मेली. ते विष अफ्लाटॉक्सिन. भुईमूग व मका यांत त्याचा धोका विशेष. तथापि ओलसर ठेविलेल्या कोणत्याही पिठाचा भरवसा नाही.

म्हणून साठविण्याचे नियम असे ठेवावे :

१. साठवावयाचा तो दाणा, पीठ नव्हे. अखंड नाचणी नीट वाळविलेली असता वर्षानुवर्षे टिकते. मोड आणून वाळविलेला दाणाही न दळता हवाबंद बरणीत दोन महिने राहतो. पीठ मात्र पंधरा दिवसांपुरतेच दळावे. पावसाळ्यात आठ दिवसांपुरते.

२. दाणा भाजल्यावर पुरता निवल्याखेरीज दळू नये, व दळलेले पीठ निवल्याखेरीज झाकू नये. गरम पिठाचा घाम झाकणास लागून तोच पिठात पडतो.

३. बरण्या दोन ठेवाव्यात. मोठी बंद राहावी व छोटीत दोन-तीन दिवसांपुरते काढावे. चमचा कोरडा, व तो बरणीतच न ठेविता बाहेर ठेवावा.

४. बरणीवर चिठ्ठी लावावी : काय आहे, कोणत्या तारखेस दळले, कोणत्या तारखेपर्यंत चालेल. चिठ्ठीवाचून बरणी म्हणजे तारखेवाचून कागद. त्यावर कोणीही काहीही हक्क सांगावा!

५. शेंगदाणे, तीळ, बदाम यांची पूड सत्त्वात मिसळून साठवू नये. त्यांतील तेल खवट होते व सारे पीठ बिघडते. ती घालावयाची असल्यास त्या वेळी ताजी, अगदी बारीक कुटून घालावी.

६. वास, रंग किंवा चव यांपैकी एकही बदलले, अथवा जाळी दिसली, तर ते पीठ टाकावे. गुरांसही घालू नये.

शिजविणे व भरविणे :— नऊ महिन्यांच्या मुलाकरिता एका वेळेस सत्त्वाचे २० ग्रॅम पीठ, म्हणजे पोह्यांचे दोन भरगच्च चमचे, सुमारे दीडशे मिलिलिटर थंड पाण्यात कालवावे व मंद आंचेवर सतत ढवळीत शिजवावे. एकदम उकळत्या पाण्यात पीठ टाकल्यास पाचक द्रव्यास काम करण्यास अवसर मिळत नाही. तरीही पेज घट्ट वाटल्यास पाणी न वाढविता भांडे उतरवावे, किंचित निवू द्यावे व राखीव न भाजलेल्या पिठाचा लहान चमचा घालून ढवळावे. थोड्याच वेळात ती सैल होते. मग पुन्हा दोन-तीन मिनिटे चांगली उकळावी; न भाजलेले पीठ कच्चे मुलाच्या पोटात जाता कामा नये. उतरविल्यावर अर्धा लहान चमचा तूप किंवा तेल घालावे. चमचा तिरपा केला असता पेज पाण्यासारखी न वाहता संथ गळली पाहिजे. हीच दाटपणाची खूण.

आता पुन्हा हिशेब पाहावा. दिवसातून तीन वेळा २० ग्रॅमप्रमाणे ६० ग्रॅम सत्त्व, त्याचे सुमारे २०० उष्मांक. दीड चमचा तुपाचे साठ. अर्ध्या केळ्याचे सुमारे चाळीस. आकारणी ३००, वसूल ३००. यास कोणतेही महाग औषध किंवा डबा लागला नाही.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको; पाणी नको, गुटी नको, मधही नको. मध तर वर्षापर्यंत मुळीच देऊ नये; त्यातून क्वचित एक प्राणघातक विषबाधा होते. सहा महिन्यांनंतर दोन-तीन चमच्यांपासून दिवसातून दोन-तीन वेळा आरंभ करावा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धी वाटी व पुढे वाढत जावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. वर्षापर्यंत मीठ व साखर घालण्याची आवश्यकता नाही. भरविणे वाटी-चमच्यानेच असावे. बाटलीच्या बुचातील घाण धुऊन निघत नाही. शिजविलेली पेज तेव्हाच्या तेव्हा द्यावी. उरल्यास मोठ्यांनी प्यावी. सकाळची पेज दुपारी ऊन करून देणे हे जुलाबास आमंत्रण होय.

सत्त्व हे मुलाचे एक अन्न होय, सर्व अन्न नव्हे. सहाव्या महिन्यानंतर मुलाच्या अंगातील जन्मजात लोहाचा साठा संपत येतो व नाचणीने ती उणीव भागत नाही. मऊ भात-वरण, शिजवून घोटलेली पालेभाजी, भोपळा, पपई, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे, काटे काढलेली मासळी, बारीक केलेले मांस हे हळूहळू वाढवावे. पेजेबरोबर लिंबाचे चार थेंब दिले असता धान्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. लोहाचे सरकारी औषध सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोन वेळा १ मिलिलिटर देण्याची योजना आहे. ते आशाताईंकडून घ्यावे व बाटली फळीवर तशीच ठेवू नये.

पाण्याविषयी :— शेतकऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. परंतु युरियासारख्या खतांतून व शेणखताच्या उकिरड्यातून झिरपून विहिरीत आलेले नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांताच्या डॉ. कॉम्ली यांनी अशा विहिरींच्या पाण्याने तान्ही मुले निळी पडतात हे दाखविले. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ठरविलेली आहे. उकिरडा व विहीर यांत अंतर ठेवावे, आणि जशी मातीची तपासणी करितो तशी वर्षातून एकदा विहिरीच्या पाण्याचीही करवून घ्यावी.

आमच्या घरची पुढील हकीकत सांगून लेख पुरा करितो. हिशेब झाला त्याच संध्याकाळी आम्ही सूनबाईंस बोलावून आमची चूक कबूल केली व ढेकळे झालेले सत्त्व उकिरड्यात पुरले. त्यांनी लगेच भात-वरण कुसकरावयास घेतले. जणू तीन महिने त्या याचीच वाट पाहत होत्या. नवे सत्त्व करितांना नाचणी पाखडणे, रोळणे व बरणीवर चिठ्ठी लावणे ही कामे आम्ही पत्करली. वजनाची वही आम्ही लिहू लागलो : दहावा महिना ७ किलो ६००, अकरावा ८ किलो, बारावा ८ किलो ४००. सेविकाबाई म्हणतात, मूल मार्गास लागले आहे, पण मागची उणीव सर्व भरून आलेली नाही. ते आम्हांस मान्य आहे. वहीतील त्या तीन महिन्यांच्या ओळी आम्ही खोडलेल्या नाहीत.

येत्या सुगीत खळ्यावर रास पडेल तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांनी पहिले माप बाजारच्या पोत्यात न टाकता मुलाच्या पिंपात टाकावे, आणि मुलाच्या आईस काय वाटते ते एकदा विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.